डेटॉलमधली पलटण

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वीस शिपाई
कालपासून बुडवून ठेवलेत.
झाकणावर अन्वयने चिकटपट्टी लावली आहे:
'सरबत नाही. आई, हे तुझ्यासाठी.'

विगनमधल्या या घराला धड अशी एकच खिडकी,
तिच्यात ही बरणी, मधासारखी पिवळी,
आणि तळाशी वॉटर्लूला निघालेलं पायदळ,
बंदुका खांद्यावर, नाकातोंडात जंतुनाशक.

वास मात्र माझ्या माहेरचा.
अप्पा चिपळूणला खातू डॉक्टरांकडे कंपाउंडर,
संध्याकाळी त्यांच्याआधी हा वास घरात यायचा.
फुटलेल्या गुडघ्यावर कापूस टेकवत म्हणायचे,
'झोंबतंय? म्हणजे काम करतंय.'
मग फुंकर.
यांना फुंकर घालायला कुणी नाही.

'सात वर्षांचा होतो तेव्हा रंगवलेत,' अन्वय म्हणतो,
'रंग आहे की गिलावा? बघवत नाही.'
चौदाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या सातव्या वर्षाची
जेवढी लाज वाटते
तेवढी पुढे कशाचीच वाटत नाही.
मी हातमोजे चढवते, जुना टूथब्रश घेते.

'पाण्याखाली नको!' तो ओरडतो, पण उशीर झालेला.
पाणी लागताच सगळं दुधाळ होतं
आणि सुटत आलेल्या रंगाचा होतो चीक,
फणसाचा असतो तसा,
बोटांना, ब्रशला, नळाला.
'आधी डेटॉलमध्येच विसळायचं, मग साबण, मग पाणी.'
फणसाला तेल, याला डेटॉल.
औषधांच्या दुकानात नोकरी करणारी मी
मुकाट्याने ऐकते.

शेवटी लावलेला रंग आधी निघतो.
सोनेरी बटणं.
पांढरे पट्टे.
मग लाल कोट.
एकविसाव्याचा, ढोलवाल्याचा, लाल मात्र हटेना:
रंग संपला म्हणून माझी नेलपॉलिशची बाटली
पळवली होती तेव्हा.
म्हणून त्याला काल वेगळ्या वाटीत, रिमूव्हरमध्ये टाकला.
तो एकटाच प्लास्टिकचा होता, हे आज कळलं.
आता ढोल तेवढा ओळखू येतो.

आमचा इथला पहिला हिवाळा होता तो.
चार वाजता काळोख.
शाळेत दिवसभर एक अक्षर बोलत नाही,
मिस हॅलिवेलने चिठ्ठी पाठवली होती.
घरी आला की दप्तरासकट टेबलाशी बसायचा
आणि यांच्याशी बोलायचा. मराठीत.
सावधान, विश्राम,
ए, तू नीट उभा राहा रे.

चेहऱ्याचा रंग सगळ्यात चिवट.
नाकाच्या कडेला, कानामागे, हनुवटीखाली
टाचणीने उकरावा लागतो.
खोक्यावरच्या चित्रात सगळे गुलाबी होते.
याचे विसाच्या वीस तपकिरी.
बाजारातला तपकिरी नाही,
हॉर्लिक्सच्या झाकणात त्याने स्वतः कालवलेला.

टाचणी थांबते.
तोही बघत असतो.
वर्तमानपत्रावर रांगेत शिशाचे उघडे शिपाई,
सगळे एकाच राखाडी तोंडाचे,
कुणाचेच नसल्यासारखे.

ब्रशचे केस मोजत बसल्यागत करून
तो बऱ्याच वेळाने विचारतो,
'तो ब्राउन मी कसा केला होता गं?'
'लाल, पिवळा,' मी म्हणते, 'आणि निळा अगदी नखाएवढा.
मनगटाशी धरून बघायचास, जमला का.'
तो 'हं' म्हणतो.
कशाला, ते सांगत नाही.

संध्याकाळी दुकानात लीअॅन नाक उडवत विचारते,
'डेटॉलचा वास येतोय. काही लागलं का?'
लागलं नाही, लावलेलं काढत होते,
हे इंग्रजीत कसं सांगावं सुचेना.
म्हटलं, नथिंग, लव्ह,
आणि हात पुन्हा एकदा धुतले.